फाइल उघडणाऱ्याचा दोष किती?

‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा सायबर सुरक्षेचा पहिला धडा मेहकर किंवा संग्रामपूरच्या आपले सरकार सेवा केंद्रात कुचकामी ठरतो. तिथल्या ऑपरेटरचं कामच अनोळखी फाइली उघडण्याचं आहे. कुणी पेन ड्राइव्हमध्ये अर्ज आणतो, कुणी व्हॉट्सअॅपवर कागदपत्रं धाडतो. त्यामुळे अशा फाइलीतून संगणकाला बाधा झाली की ऑपरेटरला बोल लावणं सोपं असतं, पण बहुतेक वेळा अन्यायाचं. ‘डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल’ नावाचा दोष पाहिला की हे पटतं. फाइलीच्या पत्त्यात लागोपाठ दोन टिंबं आली, तर संगणक त्याचा अर्थ ‘एक फोल्डर वर जा’ असा घेतो. अभिलेख कक्षातल्या शिपायाला एकाच कपाटातून कागद आणायची मुभा असावी, पण चिठ्ठीवर ‘बाहेर पडून शेजारच्या खोलीत जा’ असं लिहिलं म्हणून त्याने मुकाट्याने जावं, तसं हे. चिठ्ठी तपासायची जबाबदारी प्रोग्रामची असते आणि चूक तिथेच होते.

लिबर ऑफिस हा फुकट मिळणारा, मराठीतूनही वापरता येणारा संच. त्यातला असा दोष अॅलेक्स इनफ्यूर या संशोधकाने 2019च्या फेब्रुवारीत जाहीर केला. दस्तऐवजातल्या दुव्यावरून माऊस नुसता फिरला तरी दोन टिंबांच्या वाटेने संचासोबतच येणाऱ्या, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलीपर्यंत पोचता येत होतं आणि तिच्याकरवी हवी ती आज्ञा चालवता येत होती. मॅक्रोबद्दलची, म्हणजे दस्तऐवजातून चालणाऱ्या आज्ञांबद्दलची, नेहमीची सूचना झळकतच नव्हती. दुवा पांढऱ्या रंगात पानभर पसरवला, तर तो दिसणार तरी कुणाला? दुरुस्ती 6.0.7 आणि 6.1.3 या आवृत्त्यांत आली, पण टिंबं सांकेतिक रूपात लिहून तीही चुकवता येते असं त्याच वर्षी उघड झालं. पुन्हा डागडुजी करावी लागली.

फुकटचं सॉफ्टवेअर असंच असणार, असं कुणी म्हणेल. पण फाइली दाबणारं आणि उलगडणारं विनरार विकत मिळतं, आणि त्यातही 2025मध्ये याच जातकुळीचा दोष सापडला. नोकरीच्या अर्जाच्या रूपात आलेली दाबलेली फाइल उलगडताना एक प्रोग्राम गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायचा आणि पुढच्या लॉगिनला आपोआप चालायचा. युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांवर हे हल्ले झाले. चिखलीच्या पतसंस्थेकडे कोण बघतंय, हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण दोष जाहीर झाला की त्याची कृती सगळ्यांच्या हाती पडते आणि मग गिऱ्हाईक मोठंच असावं अशी अट राहत नाही.

सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे: आवृत्ती बदलली की कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या फाइली बिघडतील ही धास्ती. ती अगदीच पोकळ नाही. पण फॉन्ट सहसा विंडोजमध्ये बसवलेला असतो, ऑफिसच्या संचात नव्हे. एका संगणकावर आधी करून पाहायचं, टंकलेखन आणि छपाई तपासायची, मग बाकीचे घ्यायचे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2010च्या सुरक्षा सुधारणा तर ऑक्टोबर 2020मध्येच थांबल्या, ते वापरणाऱ्यापुढे नवा संच घेण्याशिवाय वाट नाही. आणि विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. हा दोष दुरुस्त केलेली 7.13 किंवा त्यापुढची आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावरून हातानेच उतरवावी लागते, दर संगणकावर वेगळी. हे काम ऑपरेटरच्या भरवशावर न सोडता केंद्रचालकाने किंवा संस्थेच्या व्यवस्थापकाने नाव घालून कुणाकडे तरी सोपवायला हवं.