पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत, पायी



जुलै महिना म्हणजे कारखान्याची चिमणी गार आणि शेतकऱ्याचा डोळा आभाळाकडे. आडसालीच्या लागणीची गडबड चालू असते. नेमक्या याच दिवसांत, 12-13 जुलैच्या सुमाराला, दरवर्षी हजारो माणसे पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे चालत निघतात. त्यात आपल्या सभासदांची मुले असतात, आणि हल्ली मुलीही मोठ्या संख्येने असतात. आता खिंडीच्या तोंडापर्यंत मोटार जाते, तिथून जिना उतरला की काम झाले. मग पन्नासेक किलोमीटर चिखल तुडवायचा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. करपेवाडीच्या अलीकडे एका आजीने आम्हाला तोंडावरच विचारले, "एवढ्या पावसात कशाला तंगडतोड करतायसा? यष्टी न्हाय व्हय?"

एस्टी आहे. पण एस्टीतून तो पाऊस कळत नाही.

इतिहास आपण सर्वांनी शाळेत वाचलेला आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. अफझलखानाच्या वधानंतर नोव्हेंबर 1659 मध्ये पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च 1660 मध्ये शिवाजी महाराज गडावर आले आणि विजापूरकरांच्या सिद्दी जौहरने खाली वेढा घातला. पावसाळा आला की वेढा ढिला पडेल असा सर्वांचा अंदाज होता. जौहर काही हलला नाही. राजापूरच्या इंग्रजांनीही तोफा आणून त्याला मदत केली. (त्याचा हिशेब पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, राजापुरात चुकता झाला.) शेवटी 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज निवडक माणसांसह गडावरून उतरले. शत्रूला चकवण्यासाठी दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसला. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस. आपण पकडले जाणार आणि मारले जाणार हे त्याला पक्के ठाऊक होते. बाजीप्रभूंचा पोवाडा गाताना काही लोक शिवा काशीदला दोन ओळींत उरकतात, ते आम्हाला पटत नाही.

गडावरून राजदिंडीची वाट उतरते. म्हाळुंग्यावरून चढ चढला की मसाई पठार लागते, आणि खरी चाल इथून सुरू होते. जांभ्या दगडाचे हे पठार मैलोनमैल सपाट पसरले आहे. झाड नाही, आडोसा नाही. वारा असा की छत्री उलटी होते, आणि धुके उतरले की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. आपण टॉर्च घेऊन, बूट घालून, पोटभर न्याहारी करून दिवसाउजेडी चालतो, तरी पुढच्याची हाक ऐकू आली नाही तर छातीत धस्स होते. त्या रात्री पालखी खांद्यावर होती, हाक मारायची सोय नव्हती आणि मागे घोडेस्वार होते. पालखीचे भोई काय पायाचे असतील!

पठाराच्या कुशीत पांडवदऱ्याची जुनी लेणी आहेत. पावसात ती बघायला सहसा कोणी थांबत नाही. त्यासाठी सप्टेंबरात वेगळे यावे, तेव्हा पठारावर रानफुलेही असतात.

कुंवारखिंडीतून उतरले की वाड्या सुरू होतात. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. दहा-वीस घरे, पुढे भाताची खाचरे, मागे डोंगर. जुलैत इथे रोपलावण चालू असते. बायामाणसे इरली घेऊन दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली. बहुतेक चालणारे पहिला मुक्काम याच वाड्यांतून करतात. कुणाच्या सोप्यात, कुठे शाळेच्या खोलीत. चुलीवरची भाकरी, आमटी आणि कोरडी जागा, एवढ्यात माणूस राजा होतो.

आता जरा कडू बोलायचे आहे. एका वाडीत खाचराच्या बांधावर उभे असलेले गृहस्थ आम्हाला म्हणाले, "चाला की. राजाच्या नावानं चालताय, आम्हास्नी आनंदच हाय. पर बांधावरनं चाला. लावणीतनं जाऊ नगा." बघितले तर पुढे गेलेल्या एका जथ्याने वाट चिखलाची म्हणून सरळ खाचरातून पाय घातले होते. काल लावलेले रोप आज आडवे. उसाच्या सरीतून कोणाची म्हैस गेली तर आपण भावकीत तीन पिढ्या बोलत नाही, आणि इथे दुसऱ्याच्या भातातून घोषणा देत जातो! ओढ्यांची तीच गत. बिस्किटांची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट म्हणून अंगावर घेतलेले प्लॅस्टिकचे कागद, सारे फाटले की ओढ्यात.

हा ओढा कोणाचा, ते खिंडीत पोचल्यावर कळते. पांढरपाण्याच्या पुढे पावनखिंड, पूर्वीची घोडखिंड. दोन्ही बाजूंना कातळ, मधून खळाळते पाणी. इथे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहिले. महाराज विशाळगडाकडे गेले, तर गडाखालीही सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसले होते. ते फोडून गडावर पोचेपर्यंत खिंड धरायची होती. ती धरली. बाजी पडले, त्यांचे बंधू फुलाजी पडले, बांदलांची कितीतरी माणसे पडली. पुढे दरबारातले मानाचे पहिले पान जेध्यांनी बांदलांना दिले, ते याचसाठी.

त्या कातळातून वाहणारे पाणी ही कासारी नदीची सुरुवात आहे. हीच कासारी खाली गेळवड्याच्या धरणात अडते आणि पुढे प्रयाग चिखलीला भोगावती, कुंभी, तुळशी यांच्यासह पंचगंगा होते. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यात पाणी सुटले की नाही यावर आपण पाटकऱ्याशी भांडतो, ते पाणी इथले. मसाईसारख्या पठारांचा जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढे झऱ्याझऱ्याने सोडतो. आपल्या उसाच्या मुळाशी जे पोचते त्याचा उगम मोटारीतून बघितला तर नुसता धबधबा दिसतो. दोन दिवस त्याच पाण्यातून चालत गेले, की कोणत्या वाडीवरून ते आले आणि त्यात काय पडले हेही दिसते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात पन्हाळा आहे. म्हणजे गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मसाई, वाड्या आणि खिंड त्या यादीत नाहीत, पण गर्दी तिथेही जाणारच.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. एकट्याने जाऊ नये, पठारावर वाट माहीत असलेला माणूस हवाच, आणि तो वाडीतलाच घ्यावा, त्याला मोबदला द्यावा. जेवणाचे आदल्या आठवड्यात सांगून ठेवावे. ऐनवेळी चाळीस माणसे दारात उभी राहिली तर ती माउली लावण सोडून भाकऱ्या किती थापणार? कोरडे कपडे दोन पिशव्यांत बांधावेत. चांगली पकड असलेले बूट घालावेत, आणि जळवांसाठी तंबाखूची पूड किंवा मीठ जवळ असू द्यावे. ओढा गढूळ होऊन चढत असेल तर उतरायची घाई नको, तासाभराने बहुधा ओसरतो. आपला कचरा आपल्याच पाठीवर परत आणावा.

बाजीप्रभू व फुलाजीप्रभू यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. खिंडीपासून तेवढेही पायी करायचे असेल तर तिसरा दिवस हाताशी ठेवावा.