साठी उलटलेली मोटार

सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरात एनडीआरएफच्या रबरी बोटी गल्लीबोळांतून फिरल्या, तेव्हा त्यांच्या मागच्या फळीला लटकलेलं यंत्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. वर इंजिन, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. दांडा फिरवला की अख्खी मोटार वळते आणि तिच्याबरोबर बोटही. वेगळं सुकाणू लागत नाही. हीच आउटबोर्ड. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटासारख्या तळ्यांच्या मुलखात ती घरोघरची वस्तू आहे. आजोबांनी घेतलेली मोटार तिथे नातू चालवताना दिसतो. १९५०-६० च्या दशकांतल्या मोटारी तिथे अजून विकायला येतात आणि पारखून घेतल्या तर वर्षानुवर्षं साथ देतात.

या मोटारीचा जनकही त्याच मुलखातला. ओले एव्हिन्रूड नॉर्वेत जन्मला, लहानपणी विस्कॉन्सिनला आला आणि मिलवॉकीत यंत्रांचा कारागीर झाला. एका सहलीत जोडीदार बेससाठी त्याने तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणलं, ते येईपर्यंत वितळलं आणि त्यातून त्याला मोटारीची कल्पना सुचली, ही कथा पुढे त्याच्या कंपनीने आवडीने सांगितली. कॅमेरॉन वॉटरमनने त्याच सुमारास आपली आउटबोर्ड विकायला सुरुवात केली होती, पण धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो ओले आणि बेस या जोडप्याने. पहिली मोटार दीड हॉर्सपॉवरची आणि तब्बल २८ किलोंची होती. वल्ही फेकून द्या, असं सांगणारी जाहिरात बेसने लिहिली आणि मागणी वाढत गेली.

बेसच्या आजारपणामुळे ओलेने कंपनी विकली. पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमची, हलकी, दोन सिलिंडरची ‘एल्टो’ घेऊन तो परत बाजारात उतरला. त्याच काळात इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनीही हलकी दोन सिलिंडरची मोटार आणली. १९३५ मध्ये एव्हिन्रूडच्या कंपनीने जॉन्सन विकत घेतली. पुढे ‘आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन’, म्हणजे ओएमसी, या नावाने ओळखल्या गेलेल्या या घराण्याने दोन्ही नावं बाजारात ठेवली. दुकानं वेगळी, रंग वेगळा, वरची टोपी वेगळी. आतलं यंत्र मात्र बहुतेक वेळा एकच.

जुनी मोटार घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोन दशकांहून अधिक काळ ओएमसीने ३ पासून ४० हॉर्सपॉवरपर्यंतच्या बहुतेक दोन सिलिंडरच्या मोटारींत एकाच जातीचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, बसवला. त्यामुळे त्याची कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर आजही दुसऱ्या कंपन्या बनवतात. खुद्द ओएमसीचं २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळं निघालं, आणि नंतर एव्हिन्रूड हे नाव घेणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये त्या मोटारी बनवणंही बंद केलं. कारखाना उरला नाही, पण सुटे भाग उरले. जुन्या मोटारीचा भरवसा तिच्या नावावर नसतो, तिचा भाग बिघडल्यावर दुसरा मिळतो की नाही यावर असतो.

म्हणून पहिल्यांदाच जुनी मोटार घेणाऱ्याने या घराण्यातली लहान मोटार शोधावी. साधारण १२ ते १४ फुटांच्या ॲल्युमिनियमच्या होडीला साडेपाच किंवा १० हॉर्सपॉवरची पुरते. एकट्यादुकट्याच्या छोट्या होडीला ३ हॉर्सपॉवरची ‘लाइटविन’ किंवा जॉन्सनमधली तिची जुळी बहीण चालते. टाकी तिच्या अंगावरच असते आणि ती एका हाताने उचलता येते. त्या काळी ताकद इंजिनाच्या दांड्यावर मोजत, आता पंख्याच्या दांड्यावर मोजतात. त्यामुळे जुनी १० ची मोटार आजच्या १० पेक्षा थोडी कमीच ढकलणार, हे आधीच गृहीत धरावं. पायाची लांबीही होडीच्या मागच्या फळीशी जुळायला हवी. फळी १५ इंचांची असेल तर आखूड पाय, २० इंचांची असेल तर लांब. उंच फळीवर आखूड पाय लावला की पंखा हवा खातो.

वयाची एक खालची मर्यादाही ठेवावी. जॉन्सनच्या १० हॉर्सपॉवरच्या मोटारीत १९४९ मध्ये पुढचा गिअर, न्यूट्रल आणि मागचा गिअर असं सगळं आलं, आणि पेट्रोलची टाकीही वेगळी झाली. त्याआधीच्या बहुतेक मोटारींत न्यूट्रल नव्हतं. दोरी ओढली, इंजिन पेटलं की होडी निघालीच. मागे जायचं तर मोटार गर्रकन उलटी फिरवायची. संग्रहाला अशी मोटार छान, रोजच्या वापराला नको.

१९४९ नंतरच्या वेगळ्या टाकीचंही एक गुपित आहे. टाकीपासून मोटारीपर्यंत एकाऐवजी दोन नळ्या जोडून जाताना दिसल्या, तर ती दाबाची टाकी समजावी. इंजिन एका नळीने टाकीत हवेचा दाब भरतं आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर चढतं. पंप नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. पण गॅस्केट कुजलेलं असेल तर दाबाखालचं पेट्रोल बाहेर उडतं. अशी टाकी नवी गॅस्केट घातल्याशिवाय वापरू नये. १९६० च्या आसपास कंपनी पंपावर आली. शक्य असेल तर तिथून पुढची मोटार घ्यावी, म्हणजे आजची साधी एका नळीची टाकी लागते.

आता पारख. बैल घेताना शेतकरी अंगावरची झूल बाजूला करून दात पाहतो. इथेही वरची टोपी काढून मगच भाव बोलावा. स्पार्क प्लग काढून इंजिनावरचं चक्र (फ्लायव्हील) हाताने फिरवावं. पिस्टन अडकलेला असेल तर जोर करू नये, मोटार तिथेच ठेवावी. मग प्रत्येक सिलिंडरवर कॉम्प्रेशन गेज लावावा. जुन्या मोटारींचे आकडे आजच्यापेक्षा कमीच असतात, त्याचा बाऊ करू नये. दोन्ही सिलिंडरांतला फरक मात्र दहा टक्क्यांच्या आत हवा. एक चांगलं आणि एक लंगडं असेल तर पिस्टन किंवा रिंग गेलेली आहे. तो खर्च मोटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

ठिणगी नसेल तर घाबरू नये. उलट ठिणगी नसलेली मोटार स्वस्तात मिळते आणि दोष बहुधा चक्राखालीच सापडतो. चक्र ओढून काढलं की दोन कॉइल दिसतात. त्या काळच्या कॉइलचं आवरण वर्षांनी तडकतं; तडा दिसला की ती बदलावी, तपासत बसू नये. पॉइंटवर बसलेला थर घासून साफ करावा आणि त्यांच्यामधली फट अर्धा मिलिमीटर ठेवावी. त्यानंतर दोरी ओढल्यावर ठिणगीने सहा मिलिमीटरची मोकळी जागा सहज ओलांडली पाहिजे.

खालच्या गिअरच्या पेटीत दुसरी परीक्षा आहे. पेटीच्या तळाचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी शिरलं असेल तर आधी तेच थेंबथेंब बाहेर येतं. तेल दुधाळ असेल तर सील गेलेलं आहे. सील बदलता येतं, पण पाणी वर्षानुवर्षं आत राहिलं असेल तर गंज गिअरपर्यंत पोहोचलेला असतो. एक सावधगिरी मात्र हवी. काही मॉडेलांत तळाशी दोन स्क्रू असतात: आडव्या खाचेचा स्क्रू तेलाचा, तर फुलीच्या खाचेचा स्क्रू गिअर बदलणाऱ्या जोडणीचा. घाईत दुसराच काढला तर आतली जोडणी सुटते आणि सगळी पेटी उघडावी लागते.

सुरू करून पाहायची ती पाण्याच्या पिंपात किंवा तळ्यात, कधीही कोरडी नाही. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंप रबरी पात्यांचा असतो आणि पाण्याशिवाय काही क्षणांत घासला जातो. आजच्या मोटारींसारखी पाण्याची बारीक धार या जुन्या मोटारींत सहसा दिसत नाही. पायाच्या मागच्या भोकातून धुराबरोबर पाण्याचे तुषार उडतात, तेवढी खूण पुरे. पंपाची रबरी पाती मात्र कशीही दिसली तरी नवीच घालावीत. भार देऊन पुढचा गिअर टाकावा. गिअर आपोआप सुटत असेल, तर त्याचे दात झिजलेले आहेत.

तेलाचा हिशेब नेमका हवा. १९६४ पूर्वीच्या बहुतेक मोटारींना पेट्रोलच्या २४ भागांत एक भाग तेल लागतं. त्यानंतर कंपनीने अनेक मॉडेलांना ५० ला १ सांगितलं. नव्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या आणि कार्बोरेटरचे गॅस्केट बदलून घ्यावेत. समुद्राच्या पाण्यात चाललेल्या मोटारीचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. त्यापेक्षा गोड्या पाण्यातली, जरा जास्त भावाची मोटार परवडते.

इतर घराण्यांत कार्ल कीकहेफरची मर्क्युरी वेगवान आणि देखणी, पण तिचे भाग आणि खास हत्यारं मिळवणं नवख्याला जड जातं. इंग्लंडची ब्रिटिश सीगल इतकी साधी की फार काही बिघडत नाही. मात्र तिच्या जुन्या मॉडेलांना पेट्रोलच्या दहा भागांत एक भाग तेल लागतं, आणि ते पाण्यावर तरंगताना दिसतं. अशाच प्रदूषणामुळे कॅलिफोर्निया-नेवाडातल्या ताहो तळ्यावर कार्बोरेटरच्या अशा टू-स्ट्रोक मोटारींना १९९९ पासून बंदी आहे. मोटार घेण्याआधी आपल्या पाण्यावर ती चालवू देतात का, हे विचारून घ्यावं.

दोन मोटारी समोर असतील, एक नव्या रंगात चकचकीत पण विकणारा टोपी उघडू देत नाही, आणि दुसरी रंग उडालेली पण चक्र फिरतंय, कॉम्प्रेशन सारखं आहे, तेल स्वच्छ आहे, तर दुसरी घ्यावी आणि किमतीइतकेच पैसे कॉइल, पंप, सील आणि नळ्यांसाठी बाजूला ठेवावेत. हात काळे करायची तयारी नसेल, तर जुन्याच्या नादी न लागता नवी फोर-स्ट्रोक घेणंच शहाणपणाचं.