पाळणा माळ्यावरच

रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. ज्या घरात पहिले बाळ यायचे असते, तिथे या दिवसांत मोजणी दुहेरी चालते. पहाटे सहरीच्या चहाबरोबर आज कितवा रोजा ते मोजले जाते आणि त्याच दमात पोरीला विचारले जाते, "आणि तुला कितवा लागला गं?" पोर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते, नाहीतर ईद करून यायची असते. महाड असो की पोलादपूर, मोहल्ला असो की आळी, पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे हा नियम दोन्हीकडे सारखाच.

सिनेमात आणि जाहिरातीत बाळ यायच्या आधी त्याची खोली तयार होते. भिंतींना गुलाबी नाहीतर निळा रंग, छताला चांदण्या, कोपऱ्यात रांगेने बसवलेली अस्वले. आपल्याकडच्या घरांत बाळाची खोली ही कल्पनाच नव्हती. होती ती बाळंतिणीची खोली. उर्दूत तिला जच्चाखाना म्हणतात, तिथेही मान जच्चेचा, म्हणजे बाळंतिणीचाच. घरातली सगळ्यात आतली, वारा न लागणारी खोली. एक बाज, बाजेखाली शेगडी, कोनाड्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड आणि सहाण. बाळासाठी वेगळे काही नाही, ते आईच्या कुशीत मावायचे. आज बाजेच्या जागी पलंग आला आणि शेगडी बरीचशी गेली. गेली ते बरेच झाले, कारण कोंडलेल्या खोलीतला धूर, मग तो ओव्याचा असो की लोबानचा, नवजात फुफ्फुसांना सोसत नाही. खिडकी उघडी ठेवा, असे आता नर्सच सांगते.

पाळणा मात्र अजून आहे. जुन्या कौलारू घरात तो तुळईला टांगायचा. नव्या बांधकामात स्लॅब टाकतानाच झोपाळ्याच्या कड्या सोडायला सांगणारे घरमालक आहेत, त्याच कड्यांना पुढे पाळणा लागतो. पण बाळ येईपर्यंत पाळणा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावरच राहतो. खाली काढायचा नाही. चुकून कुणी काढलाच तर हलवायचा नाही. रिकामा पाळणा हलवू नये, हे मोहल्ल्यातली नानी जितक्या ठामपणे सांगते तितक्याच ठामपणे शेजारच्या आळीतली आजीही सांगते. दोघींपैकी कुणालाही कारण विचारले तर उत्तर एकच मिळते : "नाही हलवायचा म्हणजे नाही हलवायचा."

जाता जाता एक गंमत. पाळण्याला उर्दूत 'मह्द' असा एक शब्द आहे, मूळ अरबी. जन्मापासून मरणापर्यंत म्हणायचे तर उर्दूत 'मह्द से लहद तक' म्हणतात, पाळण्यापासून कबरीपर्यंत. आपल्या महाडचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही. तरीही पाळण्यावर बोलणे निघाले की हा योगायोग आठवतोच.

आधी काही आणू नये, झबले शिवू नये, नाव ठरवू नये, या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. पण नानीच्या काळाचा हिशेब वेगळा होता. 1971 साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे आठांमागे एक. ज्या बाईच्या गल्लीत दर वर्षी एखादा पाळणा भरण्याआधी किंवा भरून पुन्हा रिकामा व्हायचा, तिने आनंद थोडा लांबणीवर टाकायला शिकणे स्वाभाविक होते. 2020 मध्ये देशाचा तोच आकडा 28 वर आला होता आणि महाराष्ट्राचा 16 वर. आकडा उतरला तरी भीती तितक्या वेगाने उतरत नाही. ती माळ्यावर, चादरीत गुंडाळलेली राहते.

त्यातही बायकांनी वाट काढलेलीच असते. तयारी करायची, फक्त तिला तयारी म्हणायचे नाही. सातव्या महिन्यापासून घरात अचानक जुने कपडे आवरण्याची टूम निघते. कपाटाच्या तळातून नानीची सुती पातळे बाहेर येतात, आजोबांची मलमलची लुंगी येते, खालाच्या विरलेल्या ओढण्या येतात. ते सगळे गरम पाण्यात उकळून कडक उन्हात वाळते आणि चौकोनी फाटते. लंगोट, दुपटी, पुसायची फडकी. उरलेल्या धडप्यांची गोधडी. पहिल्या दिवसांत बाळाला नवे कापड नको, याला साधे कारण आहे. नव्या कापडात खळ असते आणि ते टोचते. वीस वर्षे धुतलेल्या पातळाइतके मऊ कापड कुठल्या दुकानात विकत मिळणार?

झबली, टोपरी, कुंची ही बहुधा मागून आणली जातात. ज्या घरातले मूल गुटगुटीत निघाले त्या घरातली झबली पहिल्यांदा मागायची, अशी पद्धत. अशा वेळी घर कुणाचे ते फारसे पाहिले जात नाही. मोहल्ल्यातली कुंची आळीत जाते आणि आळीतले झबले मोहल्ल्यात येते. दोन-चार वर्षांनी ते कुणाचे होते हे सांगणेही अवघड होते.

गेली काही वर्षे रमजान आणि शिमगा एकाच फाल्गुनात येत आहेत. पालखी नाचवून घरी आलेल्या शेजारणीकडून पुरणपोळ्यांचे ताट येते, त्यात कैरीच्या दोन फोडी वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या कुणासाठी हे सांगावे लागत नाही. हिंदू घरांतले डोहाळजेवण आणि मुस्लिम घरांतली सातव्या महिन्याची गोदभराई यांत ताटाखेरीज फार फरक नसतो. काही मौलवींना ही रीत पसंत नाही, पण बायका ती सोडत नाहीत. रमजानात सातवा महिना आला तर जेवण इफ्तारनंतर होते, एवढेच.

या महिन्यात खरी घालमेल होते ती पोरीची. घर सगळे रोजाने आहे, लहान दीरसुद्धा पहिला रोजा धरून मिरवतो आहे आणि आपण मात्र दुपारी ताट घेऊन बसायचे. कुणी काही म्हणत नाही, तरी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्याने दोन घास गिळते. धर्माने तिच्यावर ही वेळ आणलेली नाही. आजारी आणि प्रवासी यांना रोजाची सूट कुरआनातच आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर तिलाही ती आहे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. या पंथात स्वतःच्या प्रकृतीसाठी रोजा सोडला तर तो पुढे सवडीने भरून काढायचा. केवळ बाळाच्या काळजीने सोडला तर भरून काढायचाच आणि शिवाय प्रत्येक रोजामागे एक मुद धान्य गरिबाला द्यायचे. हनफी पंथात नुसते भरून काढणे पुरते. चौदाशे वर्षांमागच्या शास्त्राने पोटातल्या बाळाचा इतका बारीक विचार केला, आणि आपण मात्र त्या पोरीला दाराआड उभे करतो.

डॉक्टरांचे म्हणणे सरळ आहे. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल, साखर किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर फाल्गुन-चैत्राच्या उकाड्यात दिवसभर पाण्याशिवाय राहणे हा पुण्याचा नाही, धोक्याचा मामला आहे. बाकीच्यांनीही आधी विचारूनच ठरवावे. ज्या घरात आईच पोरीचे ताट सगळ्यांदेखत वाढते आणि "बस, मी बसते तुझ्याजवळ," म्हणते, त्या घरात अर्धी तयारी झाली समजावे.

इफ्तारच्या ताटातला पहिला मान खजुराचा. बाळंतपणाशीही त्याचे जुने नाते आहे. कुरआनात मरयमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, प्रसूतीची हकिकत येते. ती एकटी, वस्तीपासून दूर, वेणांनी हैराण होऊन खजुराच्या बुंध्याशी येते आणि मेले असते तर बरे झाले असते असे म्हणते. तेव्हा तिला सांगितले जाते, दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी. तिथे ना बाज आहे, ना पाळणा, ना झबले. आहे ते पाणी, अन्न आणि धीराचा शब्द. इतक्या पवित्र मानलेल्या आईच्या तोंडीही वेणांचा तो वैताग येऊ दिला आहे, हे प्रसूतिगृहात ओरडणाऱ्या पोरींना दटावणाऱ्यांनी जरूर वाचावे.

बाळ जन्मले की कानात अजान द्यायची आणि चावून मऊ केलेला खजूर टाळूला किंचित लावायचा, अशी रीत आहे. शेजारच्या घरात त्याच जागी मध नाहीतर जन्मघुटी असते. डॉक्टर दोन्ही घरांना एकच सांगतात : सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि मध तर वर्षभर नको.

अजान देणारा बाप पुष्कळदा कुवेतला किंवा सौदीला असतो. तिथले घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे, त्यामुळे इथले इफ्तार आटोपून भांडी घासून होतात तेव्हा त्याचे सुरू होते, आणि व्हिडिओ कॉल तेव्हाच. जवळ नसल्याची भरपाई तो वस्तूंनी करतो. खोके येते, त्यात मऊ ब्लँकेट, डायपरची थप्पी, दुधाच्या बाटल्या, पावडरीचा डबा. ब्लँकेट कामाला येते. बाटल्या आणि डबा मात्र न उघडता ठेवलेले बरे. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. घरातली राईची उशीही अशीच. डोके गोल व्हावे म्हणून ती हौसेने शिवतात, पण बाळाला पाठीवर, सपाट आणि उशीशिवाय निजवणे सुरक्षित. डोके आपोआप गोल होते.

फिनलंडमध्ये 1938 पासून आईला सरकारकडून एक खोके मिळते. सुरुवातीला गरिबांना, 1949 पासून सगळ्यांना. आत कपडे आणि छोटी गादी असते, आणि ते पुठ्ठ्याचे खोकेच बाळाचे पहिले अंथरूण होते. अट एकच, गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचे. खोक्याचा खरा हेतू ती तपासणी. आपल्या राज्यानेही 2019 मध्ये सरकारी दवाखान्यात पहिले बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी बेबी केअर किट सुरू केले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये आहेत, तेही नोंदणी आणि तपासणीशी जोडलेले. नाव नोंदवायला आशा सेविका दारात येते, तेव्हा "अजून कुणाला सांगायचं नाही" म्हणून तिला परतवणारी घरे आहेत. पाळणा माळ्यावर ठेवा हवा तर, पण तिची वही कोरी ठेवू नका.

कारण आपल्याकडे उसने न मिळणारी एक तयारी आहे, ती म्हणजे रस्ता. फाल्गुनात पाचवा महिना म्हणजे बाळंतपण आषाढ-श्रावणात, सावित्रीच्या दिवसांत. महाबळेश्वरात उगम पावून ती पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते आणि वाटेत काय करू शकते हे इथे कुणाला सांगायला नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तिने महामार्गावरचा जुना पूल नेला. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्याखाली होते, त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. तळमजल्यावरची किती कपाटे त्या पाण्यात गेली. नानींच्या पातळांचे गाठोडेही त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या कपाटात असणारच. त्या पुरानंतर महत्त्वाची कागदपत्रे माळ्यावर ठेवण्याची सवय लागली. तपासणीचे कार्ड आणि दवाखान्याची पिशवीही तिथेच, पाळण्याच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी.

पोलादपूर ते महाड अंतर जेमतेम 18-20 किलोमीटर. दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे, गुंतागुंत वाढली तर पुढे माणगाव, अलिबाग, मुंबई. उन्हाळ्यात हे सोपे वाटते. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावाला जुलैच्या रात्री विचारावे. गडचिरोली-नंदुरबारकडे गरोदर बायकांनी शेवटचे दिवस दवाखान्याजवळ राहावे म्हणून सरकारने सोय केली आणि तिला नाव दिले माहेरघर. आपल्या डोंगरात ते काम अजून नातलगच करतात. नववा लागला की मावशीच्या, खालाच्या, नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी, दवाखान्याच्या अलीकडच्या तीरावर, पोरीला आणून ठेवायचे. पोरीचा रक्तगट कार्डावर असतोच, त्या गटाची दोन माणसेही आधीच हेरून ठेवावीत. 108 चा नंबर सगळ्यांना पाठ आहे, पण पुलावर पाणी असेल तर पलीकडे गाडी कुणाची, हेही ठरलेले असावे.

तरावीहची नमाज आटोपून पुरुष परतत असतात तेव्हा घरातल्या बायका भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने पुढे उलटतात. ईद, गुढीपाडवा, आंबे, पहिला पाऊस. जुलैच्या पानावर एका तारखेभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढलेला असतो, सहज दिसू नये इतका बारीक. त्याखाली एका रिक्षावाल्याचा नंबर, नदीच्या अलीकडचा. आणि त्याखाली आणखी एक, पलीकडचा.