स्फोटकांचा माग : विमानतळ सुरक्षेसाठीच्या संशोधनाची चार दशके

प्रवाशाच्या अंगावर, हातातल्या पिशवीत किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात दडवलेले स्फोटक द्रव्य फुटण्यापूर्वी ओळखणे, हे विमानतळावरील स्फोटकशोधाचे काम होय. या कामाची साधने तयार व्हावीत म्हणून शासनाने विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि उद्योग यांच्याकडून संशोधन-प्रस्ताव मागवायचे, निवडलेल्यांना अनुदान द्यायचे आणि हाती आलेले यंत्र तपासून घ्यायचे, ही पद्धत जगात रुळली त्याला सुमारे चार दशके झाली असून भारतातील तिचा मोठा भाग पुणे आणि मुंबई येथे घडला. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचा या इतिहासाशी वरकरणी काहीच संबंध दिसत नाही, कारण येथील माणसाचे विमानतळ म्हणजे आजवर पुण्याचे लोहगाव नाहीतर मुंबई. २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून नियमित सेवा सुरू झाली आणि हे चित्र बदलले. शिवाय माढ्याच्या शेतशिवारात असे काही आहे की ज्याचा विचार या यंत्रांच्या रचनेत फारसा झालेला नाही. त्याकडे येण्यापूर्वी मागचा पट पाहणे इष्ट ठरेल.

१९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाल्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमानवाहतूक सुरक्षा विभाग, म्हणजेच बीसीएएस, अस्तित्वात आला. त्या काळी विमानाला धोका म्हटला की डोळ्यासमोर येई तो पिस्तूलधारी अपहरणकर्ता, आणि त्यामुळे तपासणी म्हणजे धातूचा शोध असे समीकरण होते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ सामानातील बाँबमुळे कोसळले, ३२९ माणसे मृत्युमुखी पडली आणि ते समीकरण मोडले. या दुर्घटनेतील तांत्रिक तपशील आजही वाचण्यासारखा आहे : त्या दिवशी टोरांटो विमानतळावरील क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले, त्याच्या जागी वास टिपणारे हातात धरायचे उपकरण वापरण्यात आले, ते एका पिशवीपाशी वाजलेही, मात्र वाजल्यावर पुढे काय करायचे हे ते हाताळणाऱ्यांना धड सांगितलेले नव्हते आणि सामान विमानात चढले. म्हणजे यंत्र होते, पण ते कितपत विश्वसनीय आहे याची कोणी कसून परीक्षा घेतलेली नव्हती आणि त्याच्या संकेताचा अर्थ लावण्याची रीतही ठरलेली नव्हती. १ एप्रिल १९८७ रोजी बीसीएएसला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तो या धक्क्यानंतरच.

पुढे २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अॅमचे विमान स्फोटाने कोसळून २७० बळी गेले आणि अमेरिकेने संशोधनावर पैसा ओतला. न्यूट्रॉनांचा मारा करून सामानातील नायट्रोजन शोधणारी कित्येक टन वजनाची यंत्रे आधी पुढे आली आणि त्यांच्या खोट्या इशाऱ्यांमुळे लवकरच मागे पडली. त्यानंतर रुग्णालयातील सीटी स्कॅनचे तत्त्व सामानाला लावण्यात आले. या पद्धतीत अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून वस्तूच्या आतील भागांची घनता मोजली जाते व संशयास्पद घनतेचा भाग संगणक दाखवतो. अशा पहिल्या यंत्राला अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने डिसेंबर १९९४ मध्ये प्रमाणित केले. दुसरा उपाय रसायनाचा होता : १ मार्च १९९१ रोजी माँट्रियल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक स्फोटक तयार करतानाच त्यात सहज वाफ होणारे एक खूणद्रव्य मिसळणे उत्पादकांना बंधनकारक करण्यात आले, कारण मूळ स्फोटकाचा वास जवळजवळ येतच नाही.

वास न येण्याची ही बाब साऱ्या संशोधनाच्या मुळाशी आहे. टीएनटी हे स्फोटक सामान्य तापमानाला हवेच्या अब्ज रेणूंत जेमतेम काही रेणू सोडते, तर आरडीएक्स त्याहून सुमारे हजार पटींनी कमी. त्यामुळे पिशवीभोवतीची हवा हुंगून आरडीएक्स ओळखणे यंत्राला अतोनात कठीण जाते. म्हणून विमानतळावर दुसरी वाट धरली जाते : स्फोटक हाताळणाऱ्याच्या बोटांवरचे अतिसूक्ष्म कण पिशवीच्या मुठीवर, चेनवर, लॅपटॉपच्या कडांवर राहतात हे गृहीत धरून तेथे एक पट्टी घासली जाते, ती यंत्रात तापवली जाते, निघालेल्या वाफेतील रेणूंना विद्युतभार दिला जातो आणि ते एका नळीतून किती वेळात पार होतात यावरून पदार्थ ओळखला जातो. याला आयन-गतिमापन म्हणतात, आणि भारतीय विमानतळांवर अशी यंत्रे दीर्घकाळ परदेशातूनच आली.

भारतातील या विषयाचे जुने घर म्हणजे पुण्यातील सुतारवाडी येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. १९०८ मध्ये नैनिताल येथे रासायनिक तपासणी कार्यालय म्हणून आरंभ झालेली ही संस्था १९६० मध्ये पुण्यात स्फोटके संशोधन व विकास प्रयोगशाळा म्हणून उभी राहिली आणि १९९५ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. एचईएमआरएल या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. लष्करासाठी स्फोटके व प्रणोदके बनवणे हे तिचे मुख्य काम, परंतु जो पदार्थ बनवतो त्यालाच त्याच्या खाणाखुणा ठाऊक असतात या न्यायाने शोधाचे कामही तिच्याकडे आले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मारली गेली; त्या दिवशीच्या लक्ष्यांत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत होती आणि सहार विमानतळावरही हातबाँब फेकण्यात आले होते. या स्फोटांसाठी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी येथे उतरवलेल्या आरडीएक्सचे प्रमाण पाहता हा पदार्थ आता केवळ सैन्याच्या कोठारातला राहिला नव्हता. संरक्षण मंत्रालय सोडून अवघ्या सहा दिवसांपूर्वी राज्याच्या मुख्यमंत्रिपदी आलेल्या शरद पवार यांच्यासमोर उभा राहिलेला प्रश्न पोलिसांचा होता तितकाच रसायनशास्त्राचाही होता. त्या काळात मुंबई पोलिसांचा सर्वांत विश्वासू शोधक मात्र यंत्र नव्हते. पुण्याच्या शिवाजीनगर येथील श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला ‘झंजीर’ नावाचा लॅब्रडॉर कुत्रा होता, ज्याच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. श्वानाच्या नाकाची बरोबरी करणारे यंत्र बनवा, अशीच पुढील काळातील बहुतेक संशोधनाची अपेक्षा राहिली.

एचईएमआरएलने प्रथम तयार केला तो अगदी साधा मार्ग : स्फोटक ओळखण्याची रासायनिक पेटी. संशयित पदार्थाचे तीन ते पाच मिलिग्रॅम घेऊन त्यावर अभिकर्मकाचे, म्हणजे विशिष्ट पदार्थाशी विशिष्ट रंग देणाऱ्या द्रावणाचे, तीन-चार थेंब टाकायचे आणि उमटलेल्या रंगावरून तो टीएनटीच्या कुळातला आहे, आरडीएक्सच्या की काळ्या बंदूकदारूच्या, हे काही मिनिटांत ठरवायचे. वीज लागत नाही, मोठे प्रशिक्षण लागत नाही. बाँबशोधक पथकांत ही पेटी रुळली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिचे तंत्रज्ञान एका अमेरिकी कंपनीमार्फत अमेरिकी बाजारात उतरवण्यात आले. तिची मर्यादा अशी की तिच्यासाठी आधी पदार्थ डोळ्यांना दिसावा लागतो. न दिसणाऱ्या कणांसाठी ती नाही.

न दिसणाऱ्या कणांचा प्रश्न पवईच्या आयआयटीत हाताळला गेला, आणि प्रस्तावातून यंत्रापर्यंतचा प्रवास कसा असतो हे पाहण्यासाठी महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण नाही. केंद्र शासनाच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या पाठबळाने प्रा. व्ही. रामगोपाल राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाहून कितीतरी बारीक अशी बहुवारिकाची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाची, एका टोकाला बांधलेली फळी तयार केली. तिच्या एका पृष्ठावर स्फोटकाच्या रेणूंना धरून ठेवणारा थर दिला की, पाखरू बसल्यावर फांदी लवावी तशी ती रेणू चिकटताच किंचित वाकते आणि त्या वाकण्याने तिच्यातील विद्युतरोध बदलतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात टीएनटीची वाफ अब्जात सहा भागांहूनही कमी असताना ओळखता आल्याचे दाखवले आहे. प्रयोगशाळेतील ही फळी आणि विमानतळाच्या टेबलावरील यंत्र यांच्यात मात्र दहा वर्षांचे अंतर पडले. आयआयटीच्याच आवारात वाढलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज या नवउद्योगाने, सूक्ष्म विद्युत-यांत्रिक संवेदकावर आधारलेले ‘नॅनोस्निफर’ हे यंत्र एप्रिल २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते सादर केले; नॅनोग्रॅम इतक्या अल्प कणांवरून ते दहा सेकंदांच्या आत निकाल देते असा दावा त्या वेळी करण्यात आला आणि त्याची चाचणी झाली ती पुण्याच्या एचईएमआरएलमध्ये व राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खाजगी नवउद्योगाला किंवा विद्यापीठाला आरडीएक्स दुकानातून आणता येत नाही, त्यामुळे या क्षेत्रातील प्रत्येक प्रस्तावाला कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर सरकारी प्रयोगशाळेचे दार ठोठावावेच लागते, आणि अनुदानाच्या रकमेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व शुद्ध नमुने आणि सुरक्षित चाचणीस्थान मिळण्याला असते.

पदार्थाला हात न लावता ओळखण्याची दिशाही याच काळात धरली गेली. लेझरचा किरण पदार्थावर पाडून परत विखुरणाऱ्या प्रकाशाच्या रंगातील सूक्ष्म फरक मोजायचा, हे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये जाहीर केलेले तत्त्व वापरून एचईएमआरएल आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘रायडर-एक्स’ हे उपकरण विकसित केले व २०१७ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय कार्यशाळेत ते मांडले. हैदराबाद विद्यापीठात संरक्षण संशोधन संस्थेने स्थापलेल्या केंद्रातही लेझरवर आधारित काम चालू राहिले.

यंत्रे बनत गेली. परीक्षेची व्यवस्था तितक्या वेगाने उभी राहिली नाही. याचे जगातील सर्वांत लाजिरवाणे उदाहरण ‘एडीई ६५१’ नावाच्या काडीचे आहे : मुठीवर बसवलेली फिरती अँटेना आणि आत काहीही नाही, तरीही इराकच्या तपासणी नाक्यांवर ती वर्षानुवर्षे विकत घेतली गेली आणि विक्रेत्याला ब्रिटनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावेपर्यंत अनेक माणसे तिच्या भरवशावर राहिली. ज्या देशाकडे स्वतःच्या तटस्थ चाचणीची कसोटी नसते तो माहितीपत्रकावर विसंबतो. भारतात एप्रिल २०१९ मध्ये बीसीएएसने संवेदनशील व अतिसंवेदनशील अशा ८४ विमानतळांवर वर्षभरात शरीर-स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला, ती मुदत पाळली गेली नाही. आदेश काढणे आणि भारतीय हवामानात, भारतीय पेहरावावर सिद्ध झालेले यंत्र हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रस्ताव मागवताना शासन साधारणतः तीन अटी घालते : कोणते पदार्थ ओळखायचे, किती वेळात ओळखायचे, आणि खोटे इशारे किती चालतील. यांपैकी तिसरी अट फसवी आहे. शंभरात एक खोटा इशारा हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या मुंबईत दिवसाला एक लाख नग तपासले गेले असे धरले तर हजार पिशव्या उघडाव्या लागतात आणि पट्ट्याच्या बाजूला उभा जवान दुपारपर्यंत इशाऱ्याला किंमत देईनासा होतो. उलट, ९ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या सोलापूर–गोवा सेवेसारख्या सत्तरेक आसनांच्या विमानाला हेच प्रमाण लावले तर एका फेरीत एखादीच पिशवी उघडावी लागेल, आणि ती माणसाने नीट उघडून पाहणे सहज शक्य आहे. तेव्हा लहान विमानतळाला सीटीच्या महागड्या यंत्रापेक्षा स्वस्त, हलके, धुळीत आणि चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात न बिघडणारे यंत्र हवे, त्याने थोडे अधिक खोटे इशारे दिले तरी चालतील. मोठ्या विमानतळाच्या मापाने लिहिलेली अट अशा यंत्राला पहिल्याच फेरीत बाद करते.

परंतु सोलापूर परिसरातील खोटे इशारे वेगळ्या जातीचे असतील, आणि येथेच माढा तालुक्याची माती या विषयात येते. काळ्या दगडाच्या या मुलखात विहीर खोदणे म्हणजे सुरुंग लावणे. खालचा कातळ फोडण्यासाठी जिलेटिनच्या कांड्या परवानाधारकाकडून आणून वापरण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नायट्रोग्लिसरीनयुक्त कांड्यांवर २००४ मध्ये बंदी आल्यानंतर त्यांची जागा दुसऱ्या मिश्रणांनी घेतली, ज्यांचा मुख्य घटक अमोनियम नायट्रेट आहे. त्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. उजनी धरण याच तालुक्यात असल्याने ऊस, डाळिंब आणि द्राक्ष यांचे ठिबकही येथे घरोघर, आणि ठिबकातून सोडले जाणारे ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ हे विद्राव्य खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत सोरा. सकाळी बागेत खताची टाकी ढवळून दुपारी विमान गाठणाऱ्या डाळिंब-बागायतदाराच्या पिशवीच्या मुठीवर नायट्रेटचे कण असणारच, आणि कालच विहिरीचा सुरुंग उडवून आलेल्या माणसाच्या हातावर तर प्रत्यक्ष स्फोटकाचेच. हृदयविकारावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीनेही यंत्र वाजू शकते. अशा वेळी यंत्र चुकलेले नसते, त्याने पदार्थ बरोबर ओळखलेला असतो. चुकतो तो त्यावरून माणसाविषयी काढलेला निष्कर्ष.

या अडचणीवर उपाय यंत्राच्या संदर्भसंग्रहात आहे. संदर्भसंग्रह म्हणजे कोणते कण कुठल्या कारणाने कुठे सापडतात याची नोंद, जी यंत्राच्या निर्णयप्रणालीत भरली जाते. आयात यंत्रांत ती प्रामुख्याने त्या त्या देशांच्या अनुभवावरून भरलेली असते. पुढील प्रस्ताव-मागणीत यंत्राबरोबर अशा स्थानिक नोंदीसाठीही स्वतंत्र अनुदान ठेवले, तर ते काम आयआयटीनेच करायला हवे असे नाही. माढा, टेंभुर्णी, मोडनिंब येथील शेतकरी, विहीर-कामगार, खतविक्रेते आणि फटाका दुकानदार यांच्या सामानावर त्यांच्या संमतीने पट्ट्या घासून पृथक्करण करणे हे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, एचईएमआरएलच्या मार्गदर्शनाखाली, एका वर्षात जमण्याजोगे काम आहे. मात्र खरिपाची पेरणी, डाळिंबाचा बहार आणि उन्हाळ्यातील विहीर-खोदाई या तिन्ही काळांतील नमुने त्यात आले पाहिजेत, कारण वर्षभर हातांवर एकच धूळ नसते.