सोळा पिना, चाळीस ओहम

संपादकांना लेख हवा होता स्कॅनरवर. टॅबलेटएवढं यंत्र गाडीला जोडायचं आणि तिचा आजार पडद्यावर वाचायचा. पुण्यातल्या ज्या गॅरेजात मी त्यासाठी गेलो, तिथले मिस्त्री मात्र दिवसभर मीटर हातात घेऊन बसलेले. स्कॅनर बाकावर पडलेला.

इतिहास मोठा नाही. स्कॅनर ज्यात जोडतात त्या सॉकेटचा जन्म कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे झाला. अमेरिकेत १९९६पासून प्रत्येक नव्या मोटारीला सोळा पिनांचं एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं; ओबीडी-२ या नावाची ही व्यवस्था आपल्याकडे चारचाकींना आली २०१३मध्ये. स्टिअरिंगखाली हात घातला की सॉकेट लागतं. स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो आणि त्याचं पहिलं अक्षर सांगतं तक्रार कुठली: पी इंजिन-गिअरबॉक्सची, सी चासीची, बी बॉडीची, यू आपसातल्या संपर्काची.

तक्रार, गुन्हेगार नव्हे. पी०१७१ आला तर इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय एवढंच कळतं. ते ऑक्सिजन सेन्सरने कळवलं म्हणून त्यालाच बदलणारे भरपूर. दोष बहुधा चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात, मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये किंवा थकलेल्या पंपात असतो. मिस्त्री म्हणतात, "बोंब मारणाऱ्यालाच धरून आत टाकतात." कोड उडवायचीही त्यांना घाई नसते. तो उडवला की दोष नोंदवला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही नोंदही पुसली जाते.

पण मी गुंतलो ते स्कॅनर जोडलाच जात नाही तेव्हा. एक टॅक्सी आली होती. डॅशबोर्डवर चार दिवे पेटलेले, आणि स्कॅनर कधी जोडला जायचा, कधी 'संपर्क नाही' म्हणायचा. हाताखालच्या पोराचं मत तयार होतं: "भाऊ, ईसीएम गेलाय." म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर.

मिस्त्रींनी आधी तोच स्कॅनर शेजारच्या गाडीला लावून पाहिला. तिथे चालला. मग सॉकेटची १६ नंबरची पिन आणि ४ नंबरची अर्थ. बारा व्होल्ट मिळाले. ते मिळाले नसते तर आधी फ्यूज पाहिला असता. बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामायिक असतो आणि एखादा स्वस्त चार्जर तो उडवतो.

आता बॅटरीचं टर्मिनल काढून मीटर ओहमवर, ६ आणि १४ या पिनांवर. या कॅन नावाच्या जाळ्याच्या दोन तारा. बॉश कंपनीने १९८६मध्ये जगापुढे आणलेलं हे जाळं; गाडीतले बहुतेक कंट्रोलर त्यावरच एकमेकांशी बोलतात. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून निरोगी गाडीत मीटर ६० दाखवतो. १२० आले तर एक टोक तुटलेलं. शून्याजवळ आले तर तारा चिकटलेल्या.

मीटरवर आले चाळीस.

मिस्त्री हसले. "तिसरा कोणीतरी घुसलाय." तीन १२० समांतर जोडले की चाळीसच होतात. डॅशबोर्डचं खालचं पॅनेल उतरवलं. मागे कुणीतरी मूळ तारा सोलून, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून जीपीएस ट्रॅकर बसवला होता. रेझिस्टर त्याच्याच पोटात. ट्रॅकर सोडवला, मीटर ६०वर आला, स्कॅनर पहिल्याच झटक्यात जोडला गेला. सोललेली तार त्यांनी डाग देऊन बंद केली.

मला हे इतकं आवडलं, की स्कॅनरचं काय लिहायचं ते मागेच पडलं. पण अशी विद्या किती दिवस पुरेल याची काळजीही वाटली. सॉकेट एकसारखं असलं तरी त्यातून कायद्याने उघडं असतं ते प्रामुख्याने प्रदूषणाशी संबंधित. एअरबॅग, एबीएस, नव्या कंट्रोलरचं कोडिंग यांची खोली ज्याच्या त्याच्या कंपनीच्या ताब्यात. २०१४मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाहीत म्हणूनच. कंपन्या अपिलात गेल्या. या गॅरेजात आजही तीन वेगवेगळे स्कॅनर आहेत, त्यांतल्या एकाची वर्गणी संपलेली.

आणि पैशांचा प्रश्न. टॅक्सीवाल्याने बिल पाहून विचारलं, "काही बदललंच नाही ना? मग पैसे कसले?" एक-दोन वाक्यांत समजावण्याजोगं हे नव्हतं. मिस्त्रींनी दोनशे रुपये कमी केले आणि पोराला पुढच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं.