बुडाची साक्ष

कळंबसारख्या मराठवाड्यातील गावी लोणच्याच्या ज्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधला जातो, तिला सर्रास चिनी मातीची बरणी म्हणतात; वस्तुतः ती चीनमधून आलेली नसते आणि तिची माती पोर्सेलीनचीही नसते. रिकामी बरणी पालथी केली की ज्या कडेवर ती उभी राहते, तो झिलई नसलेला भाग पिवळट-करडा आणि खरबरीत दिसतो, कारण ते इथेच भाजलेले जाड, अपारदर्शक भांडे असते. खरे पोर्सेलीन म्हणजे केओलीन ही शुभ्र माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलेले भांडे; त्याची उघडी कड पांढरी किंवा भट्टीच्या धगीने किंचित नारिंगी झालेली असते, पातळ भिंतीतून उजेड झिरपतो आणि टिचकी मारली असता खणखणीत नाद उमटतो.

कळंब १९४८पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीतील सालारजंग संग्रहालयात, तसेच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या दालनात, अस्सल चिनी भांडी पाहावयास मिळतात. मात्र तेथे फुलदाण्या काचेआड सरळ उभ्या असतात, आणि पारखी ज्या जागेकडे सर्वांत आधी वळतो ती जागा, म्हणजे बूड, प्रेक्षकाला दिसत नाही. पारखी फुलदाणी हाती घेतो तेव्हा नक्षीकडे एक ओझरती नजर टाकून लगेच ती मऊ कापडावर आडवी करतो, आणि पुढचा बराच वेळ त्याचे बोट बुडाच्या कडेवरूनच फिरत राहते.

बुडावर बहुधा निळ्या रंगात सहा अक्षरांची नाममुद्रा असते. उजवीकडच्या ओळीपासून वरून खाली वाचली असता, थोर मिंग वंशाच्या चेंगह्वा कारकिर्दीत बनविलेले, अशा धर्तीचा तिचा अर्थ निघतो, आणि नवखा संग्राहक तेथेच फसतो. चेंगह्वा बादशहाची कारकीर्द १४६५ ते १४८७, म्हणजे अवघी २३ वर्षांची. पण त्या काळातील भांडी पुढे इतकी वाखाणली गेली की कांगशी बादशहाच्या अमदानीत (१६६२–१७२२) आणि तिच्यानंतर थेट एकोणिसाव्या शतकातही कारागीर त्याच बादशहाचे नाव बुडावर लिहीत राहिले. यात दरवेळी लबाडीच होती असे म्हणता येत नाही, कारण पूर्वजांविषयीचा आदरही त्यात होता. तरी २३ वर्षांत भाजली गेलेली भांडी आणि त्या २३ वर्षांचे नाव मिरविणारी भांडी यांचा मेळ बसणे अशक्य आहे. ज्या साक्षीदारावर सर्वांची भिस्त असते, तोच येथे सर्वांत कमी विश्वासाचा ठरतो.

याच्या उलट प्रकार १६७७ साली घडला. चिंगदचेन या भट्ट्यांच्या नगरातील अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचे नाव लिहिण्यास मनाई केली, कारण भांडे फुटले की नावाचाही अवमान होई. कारागिरांनी मग नावाच्या जागी एखादे पान किंवा शुभचिन्ह काढले, आणि कित्येकदा निळी दुहेरी वर्तुळे आखून आतली जागा कोरी सोडली. कोऱ्या वर्तुळाची अशी फुलदाणी नाव नसल्याने अनेकांना कमअस्सल वाटते. जाणत्याला मात्र ती हातातून खाली ठेववत नाही.

नाव खोटे लिहिता येते. रंगाला आपला काळ तितक्या सहजी लपविता येत नाही. सोन्यापासून सिद्ध होणारा, झिलईवर चढविलेला अपारदर्शक गुलाबी रंग चिनी भांड्यांवर १७२०च्या सुमारास रुळला. तेव्हा गुलाबी कमळाखाली चेंगह्वाचे नाव असेल तर नावाचा विचार तेथेच सोडावा. निळा रंग कोबाल्टचा असून तो कच्च्या भांड्यावर, झिलईखाली, रंगविला जातो. पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या निळाईत जेथे रंग साचला तेथे काळसर ठिपके पडलेले असतात, आणि पुढच्या काळातील नकलाकार तेच ठिपके कुंचल्याच्या टोकाने एकेक टिंब देऊन काढतात, म्हणून ते फार शिस्तीत पडलेले दिसतात. ‘चायना’ हा शब्द रोमन लिपीत असल्यास भांडे साधारण १८९१नंतरचे धरावे, कारण आयात मालावर देशाचे नाव हवे हा अमेरिकी कायदा तेव्हा अमलात आला. मुंबईत उतरलेल्या मालाला तो लागू नव्हता, त्यामुळे शब्द नसणे हा जुनेपणाचा पुरावा होत नाही.

उरते ती कडेची झीज. नवी फुलदाणी जुनी भासविण्यासाठी कड काचकागदाने घासली, तर चरे बहुधा एकाच दिशेने आणि सारख्या खोलीचे पडतात, आणि चहाच्या पाण्याने चढविलेला मळ ओल्या बोळ्याला लागून येतो. शहाबादी फरशीवर पिढ्यान्‌पिढ्या सरकविलेल्या कळंबच्या बरणीच्या कडेवर चरे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, काही खोल, काही नुसते पुसट, आणि त्यांत मुरलेली तेल-हळद कितीही घासली तरी निघत नाही.