धूम्रपान की एचपीव्ही? गोंधळ सोडवायचा कसा
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जवळपास प्रत्येक गाठीत एचपीव्ही हा विषाणू सापडतो. हा संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्येही हा कर्करोग जास्त दिसतो. पण त्यांच्यात मुळात एचपीव्हीच जास्त असेल तर? मग दोष सिगारेटचा कसा म्हणायचा?

संशोधकांनी फक्त एचपीव्ही असलेल्या स्त्रियांचीच आपसात तुलना केली. तरीही ओढणाऱ्यांमध्ये धोका साधारण दुप्पट निघाला. म्हणजे मूळ कारण विषाणू, आणि धूम्रपान त्याला हातभार लावतं. तंबाखूतलं निकोटीन गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडलं आहे.

तुमच्या विषयात असा लपलेला तिसरा घटक कोणता, हे आराखडा करतानाच ठरवा. जो मोजलाच नाही, तो नंतर वेगळा काढता येत नाही.